चाकाची माती

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला घरात कुणी रिकामं नाही. लेकीची नजर चुकवून चहात साखर घालू नकोस, असा हिचा निरोप आहे.

यंदा माझ्या द्राक्षबागेच्या त्या आजारी कोपऱ्यातला रोग पार मधल्या ओळींपर्यंत आला. पिवळी, आकसलेली पानं, विरळ घड. थेट तुझ्या बागेसारखं. मातीची तपासणी करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी भिंगाखाली सूत्रकृमी दाखवला. सुतापेक्षा बारीक. मुळांतला रस पितो आणि एका वेलीचा विषाणू दुसरीला देतो.

"छाटणी चुकली की होतं का हे?"

"छाटणीचा काय संबंध, काका? हा मातीतला रोग."

"मग बांध ओलांडून पलीकडे दादाच्या बागेत कसा गेला?"

त्या हसल्या. "हा वर्षात दोन हातही सरकत नाही. कुणीतरी गाडीत बसवून नेला असणार!"

दादा, तो गाडीवाला मी.

तुझा पाय मोडला होता, तेव्हा तुला न सांगता तुझ्या बागेत ट्रॅक्टर घातला. तू उठलास की तयार रान बघून खूश होशील, एवढंच डोक्यात. माझ्या त्या आजारी कोपऱ्यातून सरळ तुझ्याकडे गेलो. चाकं धुतल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही, हा बाबांचा नियम. मी कंटाळा केला.

पुढं तुझ्या वेली गेल्या. "माझ्या हातालाच यश नाही," म्हणत तू छाटणीची कात्री खुंटीला अडकवलीस आणि लेकीकडे निघून गेलास. मी शेजारीच उभा होतो. शंका मला तेव्हाच आली होती. तू स्वतःला दोष देत होतास, ते मला सोयीचं वाटलं. आठ वर्षं रोज देवापुढे हे कबूल केलं. सांगायला हवं होतं ते तुला.

आज लिहून टाकलं आणि फार हलकं वाटतंय. तुझं रान इतकी वर्षं मोकळंच ठेवलं, नुसतं गवत. तिथलीही माती तपासली. वेलींची मुळंच नाहीत म्हणून सूत्रकृमी उपाशी मेला, माती स्वच्छ निघाली. फाटकाशी चाकं धुवायला हौद बांधलाय. हिची सायकलसुद्धा सुटत नाही, म्हणून मला रोज टोमणे मिळतात.

कात्रीला धार लावून ठेवली आहे. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती. ये, रागावायला तरी ये.

आता चाकं धुऊनच बांध ओलांडणारा,
तुझा धाकटा