उंबऱ्याबाहेरचं लोखंड

१२ जानेवारी १९७६, सांगली

शून्य! ग्रंथपालाने पुण्याहून शोधून आणलेल्या चिठ्ठीवर एवढंच. तीन वर्षांपूर्वी छापलेल्या माझ्या निबंधाचा उल्लेख आजवर किती संशोधकांनी केला? शून्य. हाडांच्या विभागाच्या प्रमुख साहेबांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "जूनमध्ये निवड समिती येतेय, बाई. प्रपाठकाची जागा एकच. आणि असंच राहिलं तर मागची वर्कशॉपची खोलीही एक्स-रेवाल्यांना द्यावी लागेल."

खोली देणार नाही! त्या खोलीत आकाराम मिस्त्री आणि मी बारा जवानांच्या पायांसाठी कॅलिपर केली. गुडघ्याखालची नस दुखावली की पाऊल वर उचलत नाही, चवडा जमिनीला घासतो. एकाहत्तरच्या लढाईतून आलेली ही साताऱ्याकडची माणसं. त्यांच्या बुटाच्या टाचेत लोखंडी पट्टी आणि स्प्रिंग बसवली. रोज नऊ तास वापर, सहा महिन्यांत चाल सुधारली — आलेखांसकट छापलंय मी. जगाने वाचलं नाही, हा जगाचा आंधळेपणा.

१३ जानेवारी

राग गेलेला नाही. जाऊही नये.

२ फेब्रुवारी

ठरलं. नवा पुरावा गोळा करायचा आणि समितीच्या तोंडावर मारायचा. कॅलिपरवाल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन चाल मोजणार. आकाराम म्हणाला, "आवं बाई, पेशंट दवाखान्यात येत्यात. तुमी त्यांच्या दारात कशाला?" म्हटलं, बघशील.

आधी जत. धुळा गडदे, मेंढपाळ. गेल्या वर्षी त्याला दिलेलं कॅलिपर तेरावं.

७ फेब्रुवारी, जत

दारातच दिसलं. आमचं कॅलिपर, बुटासकट, उंबऱ्याबाहेर इतरांच्या वहाणांशेजारी. पट्टीवर कोळ्याचं जाळं!

धुळा आत चालत होता. अनवाणी. आणि पाऊल उचलत होता! गुडघ्याखाली कातडी पट्टा, त्याला त्याने स्वतः कातलेल्या लोकरीची पीळदार दोरी, खाली चवड्याला फास. दोरी ताणली की चवडा वर.

"बाई, उंबऱ्यात पायताण काढलं की तुमचं लोखंड बी भाईरच ऱ्हातंय," तो म्हणाला. "घरात मी लंगडाच, देवळात लंगडाच. मग उपेग काय?"

"मग दवाखान्यात विचारलं तेव्हा, दिवसभर घालतो, असं का म्हणालास?"

"तुमी लय कष्टानं केलं हुतं. न्हाई कसं म्हनायचं?"

त्याच्या बायकोने, धोंडुबाईने, ताकाचा तांब्या पुढे केला. मी तो बाजूला ठेवून दोरीची मापं घेतली.

१६ फेब्रुवारी, सातारा

नाथाजी. माझ्या निबंधातला पहिला जवान. त्याने ट्रंक उघडली, वरचा गणवेश बाजूला केला. खाली कॅलिपर, बुटाला पॉलिश केलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "एकदम झकास ठेवलंय, बाई!" उसाला पाणी पाजायला अनवाणीच जावं लागतं, तिथे हे चालत नाही. मग घालतो कधी?

"तुमच्याकडं येताना!"

बारापैकी नऊ जणांचं हेच निघालं. मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हणून ठेवणीतला पोशाख! मग चाल सुधारली कशाने? बहुतेकांची नस आपली आपण भरत आली, एवढंच; नाथाजीसारख्या चौघांची अर्धवट. धुळ्याची भरलीच नाही, म्हणून त्याला दोरी करावी लागली. मी स्वतः बूट काढूनच घरात शिरते, आणि तीन वर्षांत मला हे सुचू नये! नाचता मला येत नव्हतं, आणि वाकडं म्हणत होते जगाच्या अंगणाला. लाज वाटली. खूप वाटली.

२० फेब्रुवारी, सांगली

साहेबांना सांगितलं — माझा निबंध चुकीचा आहे, हे मी स्वतः छापणार. धुळ्याच्या दोरीची आकृती, मापं, सगळं.

"समितीच्या तोंडावर? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!"

"पाय माझाच आहे, साहेब."

त्यांनी लेखाचं पान उलटलं. "पहिलं नाव डी. बी. गडदे. हे कोण? कुठल्या कॉलेजचे?"

"जतचे. मेंढ्या राखतात. शोध त्यांचा आहे. माझं नाव दुसरं."

साहेबांनी चष्मा पुसून ते नाव पुन्हा वाचलं.

२१ जून

जागा गेली. समितीतले एकजण हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या निबंधाचा एकमेव उल्लेख तुम्हीच केलात, तोही खोडून काढायला?" मी म्हटलं, "हो. निदान एकाने तरी नीट वाचला."

साहेबांनी खोलीची किल्ली मागितली. दिली नाही.

२२ जून

आजही दिली नाही.

९ नोव्हेंबर

लेख छापून आला. आकारामने धुळ्याच्या नमुन्यावरून चार पट्टे केले, नाथाजीला पहिला. तो पाण्याच्या पाटात उभा राहून बघत होता म्हणे, आपलंच उचललेलं पाऊल. साहेबांचं किल्लीसाठी तिसरं पत्र आलंय. फाईलला लावलं.

१४ डिसेंबर १९७७

ओसाकाहून जाड पाकीट. वर नाव — डॉ. डी. बी. गडदे! आत तिथल्या एका दवाखान्याचा छापील निबंध, शेवटी संदर्भांची यादी, आणि यादीत क्रमांक एक: गडदे. सोबत पत्र. आमच्या देशातही घरात शिरताना पादत्राणं काढतात, बुटाचं कॅलिपर आमच्या पेशंटना दारापर्यंतच पुरायचं. आपल्या दोरीने अठ्ठावीस जण घरात चालू लागले. डॉक्टर, आपण इथे येऊन शिकवाल का?

साहेबांनी ते दोनदा वाचलं. किल्लीचा विषय काढला नाही.

१७ डिसेंबर, जत

धुळ्याला सगळं वाचून दाखवलं. तो दोरीला पीळ देत ऐकत होता. मग म्हणाला, "त्यास्नी लिवा, बाई — लोकर मेंढीच्या पाठीवरची घ्या, पोटाखालची लवकर तुटतीया."

लिहायला बसले आहे. सही त्याच्या अंगठ्याची.