आबांचा निळा शर्ट

सुयश,

हे पत्र टाकणार न्हाय. टाकू तरी कुठं? गोव्याच्या फुटबॉल क्लबनं तुला सोडलं, दुसऱ्या कुणी अजून घेतलं न्हाय.

तू वर्षाला क्लब बदलतोस, प्रत्येक ठिकाणी डाव्या कडेनंच पळतोस आणि कऱ्हाटीला घरी नवी जर्सी धाडतोस. आपले आबा ती घालून गावभर हिंडतात, जुनी ज्वारीतल्या बुजगावण्याला चढवतात. लोक बुजगावण्याकडं बघून तुझी चौकशी करतात. मी रोज स्कूटीवर एमआयडीसीत डेअरीला जाते आणि रोज परत येते. माझी कोण करणार?

यंदा जर्सी आली न्हाय. मला बरं वाटलं. बारामतीहून आबांना निळा शर्ट आणला. म्हणाले, "ठेव तेजू, जयंतीला घडी मोडू."

काल रानात गेले, तर आबांच्या अंगात बुजगावण्याची विटकी जर्सी, धुऊन वाळवलेली. म्हणाले, "पोरगं बिनक्लबचं हाय. त्याचं नाव कुणाच्या तरी पाठीवर असाय पायजे."

आणि बुजगावणं उघडं नको म्हणून त्याला माझा निळा शर्ट घातलेला. घडी तितंच मोडली.

लवकर कुठला तरी क्लब गाठ. मला तो शर्ट परत पायजे.

तुझी ताई,
तेजश्री