शेजारच्या सीटचं वजन

प्रिय रंगारी,

'प्रिय' बघून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून लिहिलंय, त्यात माझं काही नाही. आपण वेगळे झालो त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझ्यावर रागवायलाही मला मुद्दाम वेळ काढावा लागतो. आज काढलाय. येत्या रविवारी तू आपल्या लेकीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला तुझ्या त्या दोन सीटच्या गाडीतून डोंगरापलीकडे नेणार आहेस, आणि त्या गाडीला तू नवी मोठी चाकं लावली आहेस. ती बसलेली नाहीत, नुसती लावलेली आहेत. या दोन्हींतला फरक मी तुला जितकी वर्षं समजावला, तितकी वर्षं भिंतीशी बोलले असते तर भिंतीने निदान मध्ये तोंड खुपसलं नसतं.

परवा तू तिला सोडायला आलास तेव्हा मी वर स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू वर पाहिलं नाहीस, मीही हाक मारली नाही, ते बरंच झालं. गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे त्यावरून गाडी आत आली, तेव्हा मागच्या चाकातून खर्र असा आवाज आला, तिच्या बाजूने. ती उतरली, तिने बॅग घेतली, तू आरशात बघून केस सारखे केलेस आणि निघालास. जाताना तोच गतिरोधक, तोच तुझा वेग, आणि आवाज नाही. चाकांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या बाईला याहून जास्त काय सांगायला लागतं? दोघं बसली की टायर घासतो, तू एकटा असलास की घासत नाही. चाकं लावल्यावर तू शेजारी कोणाला बसवून गाडी चालवून बघितलीस का? नसणारच. एकट्याने बसायचं आणि सगळं झकास चाललंय म्हणायचं, हीच तुझी पहिल्यापासूनची तपासणी.

पोरगी मात्र दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. बाबाने पंधरा इंची काढून सतरा इंची चाकं टाकली, गाडी कसली भारी दिसतेय, हे तिने मला तीनदा सांगितलं. मी विचारलं, आवाज कसला येत होता? तर म्हणाली, बाबा म्हणतो, जुन्या गाड्या बोलतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या गाड्या बोलतात हे खरंच आहे, पण त्या काय बोलतात ते ऐकायची तुझी कधी तयारी होती? आपण दोघं शेवटचं त्या गाडीतून गेलो ते आठवतंय का? मी म्हणत होते, मागून आवाज येतोय, थांबव. तू रेडिओ मोठा केलास. लोक मला विचारतात की तुमचं नक्की कशावरून बिनसलं. मी त्यांना हे सांगितलं तर ते हसतात, म्हणून आता सांगत नाही.

गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिची काय दशा होती ते तू लोकांना कधी सांगत नाहीस. शेजारच्या सीटच्या बाजूचा मागचा पत्रा ट्रकने चेपला होता. तू तो हातोड्याने ओढलास, ओढता आला नाही तिथे बोटभर पुट्टी थापलीस आणि वरून असा रंग मारलास की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. रंगात तुझा हात धरणारा कोणी नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणेन. पण त्या रंगाखाली सस्पेन्शन मी उभं केलं, चाकं मी सरळ केली, आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीशेजारी उभं राहून तू सांगितलंस, मी बांधली. माझ्याकडे हात करून म्हणालास, हिचीही थोडी मदत होते. आपल्या संसारातही तू हेच केलंस, पोचा काढायचे कष्ट नकोत, पुट्टी भरून चकचकीत करायचं आणि लोकांना दाखवायचं.

असो. आता नीट वाच. तुझी नवी रिम रुंद आहे, त्यामुळे चाक आधीच बाहेर येतं. ते बाहेर आलेलं छान दिसतं म्हणून तू आतून स्पेसरच्या चकत्या घालून आणखी बाहेर काढलंस, हे मला खिडकीतूनही दिसलं. त्या चकत्या आधी निघायला हव्यात. टायरही रुंद घेतलास. रिम मोठी झाली की टायरची भिंत तेवढी कमी हवी, म्हणजे चाकाची एकूण उंची होती तितकीच राहते. आणि रुंदीला एक माप कमी. कोणीही तुला सांगेल की मडगार्डची आतली कड गरम करून वर वळव, म्हणजे जागा होईल. तुझ्या बाजूला खुशाल वळव. तिच्या बाजूला हात लावू नकोस. तिथे तुझी पुट्टी आहे, तडकेल, आणि तिथलं मडगार्ड दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर खाली बसलंय. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कोणाला नाही. ती कड सुरीसारखी आहे. सामान भरलेली गाडी, शेजारी ती, आणि डोंगरातल्या वळणावर त्या कडेने टायरची बाजू चिरली तर काय होईल, ते मला लिहवत नाही.

मी तिला बसने जा म्हणून सांगून बघितलं. तिने एकदम चेहरा पाडला. म्हणाली, आई, तुला बाबाचं काही चांगलं बघवतच नाही. खरं आहे, नाही बघवत. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी तुटक बोलते, आणि घरात तिचे आता मोजकेच दिवस उरलेत. तुझ्या गाडीत काय खोट आहे ते सांगायला गेले तर तिला त्यात माझीच खोट दिसणार. तुझ्याशी माझं भांडण आहे ते आहेच, त्यात मला तिला गमवायचं नाहीये. ती तुझ्यासोबतच जाणार, गेले वर्षभर ती याचीच वाट बघतेय. म्हणून ती गाडी नीट व्हायला हवी.

तर शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आत गाडी माझ्याकडे आण. योग्य मापाचे टायर मी मागवून ठेवलेत. चकत्या मी काढीन, तू कशाला हात लावायचा नाही. मग कडेला खडू फासायचा, म्हणजे घासलं तर टायरवर खूण उमटेल, तिच्या बॅगांइतकं सामान मागे ठेवायचं आणि वाईट रस्त्यावरून एक फेरी मारायची. शेजारच्या सीटवर वाळूची गोणी ठेवून भागलं असतं, पण गोणीला ऐकू येत नाही. त्या सीटवर मी बसेन. माझे कपडे तिला आता बरोब्बर होतात, आमचं वजन सारखंच आहे. तू चालव, मी ऐकते. बोलायची काही गरज नाही. मला परत घरी सोडायचंही नाही, मी चालत जाईन. हे सगळं फोनवर कळवलं नाही, कारण ती तुझ्याकडे आली की तुझा फोन कायम तिच्या हातात असतो आणि यातलं तिला काहीही कळता कामा नये. रविवारी ती विचारेलच, बाबा, आवाज कुठे गेला? तेव्हा तूच सगळं नीट केलंस म्हणून सांग. तुला तसं सांगायची सवय आहे, आणि या वेळी मला चालेल.

तुझी नव्हे,
तिचीच आई