काकींची भिंत

काल्हेर, ता. ४ नोव्हेंबर १९७४

चि. केसरीनाथ यास काकीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, माझं स्वयंपाकघर सोडून. तुझ्या बाबांचा कापडाच्या लूमचा दुमजली कारखाना सुरू झाला. तू कॉलेजात हिशेब करून दिलेल्या पायावर तो ताठ उभा आहे. भावजी आल्यागेल्याला ओढून दाखवतात. दोन घरांमधली गल्ली मी तुझ्या कौतुकापोटी कारखान्याला दिली, ती सार्थकी लागली म्हणायची.

पण कारखान्याला लागून असलेली माझी भिंत फाटली. चुलीमागे हात जाईल एवढी भेग आहे. जमीनही कलली, भाताचं पातेलं ठेवलं की पेज एका कडेला धावते. भिंत विठू गवंड्याने मागच्या वर्षीच बांधलेली. कारखान्याला तडा नाही, मग याच्याच भिंतीला कसा, असं सगळे म्हणतात. मीही त्याला दारात उभं करून चारचौघांत नको नको ते बोलले. वळ गावातलं एक घर त्याला बांधायला मिळणार होतं, ते कामही गेलं.

तू एवढा इंजिनीअर, भेग कशाने पडली ते कळव. चूल मोडली तर तुझी बोंबलाची आमटी कुठे रांधू?

मुंबईच्या गडबडीत काकीला विसरू नकोस.
आनंदीबाई


मुंबई, ता. ९ नोव्हेंबर

ती. काकींस केसरीनाथचे शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. काकी, विठूदादाचा काही दोष नाही. दोष माझा आहे.

हिशेब करताना पायाखालची जमीन म्हणजे ओळीने मांडलेल्या स्प्रिंगा, असं मी धरलं. जिच्यावर भार तीच दबते, शेजारची हलत नाही. तसा हिशेब सोपा होतो, आणि कारखान्यापुरता तो बरोबरही आला. पण खाडीची माती तशी वागत नाही. गादीवर जाडा माणूस बसला की शेजारचाही त्याच्याकडे कलतो, तशी ती वागते. कारखाना सगळीकडून सारखा खचला म्हणून त्याला तडा नाही. खचताना त्याने तुमची भिंत ओढली. हे मी शिकलो होतो. पण माझ्या कागदावर फक्त कारखाना होता. ज्या घरात मी वाढलो, ते मी काढलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे लूम उतरवायला बाबांना सांगा. हे पत्र देवळापाशी सगळ्यांसमोर वाचा. यंदा जत्रेला मी येत नाही. लाज वाटते.

रागावलात तरी पायांशी थोडी जागा ठेवा.
तुमचा केसरीनाथ


काल्हेर, ता. २० नोव्हेंबर

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद.

पत्र मीच वाचलं. स्प्रिंगा कुणाला कळल्या नाहीत, गादी कळली. भावजी मधूनच उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी वरचे लूम उतरवले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. लोकांनी ऐकून घेतलं आणि भाताच्या झोडणीचं बोलू लागले. विठूला नावं ठेवताना मात्र सगळ्यांना भरपूर सवड होती.

मग विठूकडे गेले. तो भिवंडीला लूमवर कामाला लागलाय. त्याच्या बायकोला, तुळजाला, म्हटलं पत्र वाचून दाखवते. ती म्हणाली, भिंत कशानं फाटली ते मला समजून काय करायचं हाय, त्या दिवशी ते घरी येऊन रडले तेवढं मला ठाव हाय. बस म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरून परत आले. एवढी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

शुक्रवारी लूम बंद असतात, विठू घरी असतो. त्याच्यासमोर एकटीने उभं राहायची माझी छाती होत नाही. जत्रेला नाही आलास तर राहू दे, पण शुक्रवारी ये. दोघं मिळून जाऊ.

वाट पाहते, माया आहे तशीच आहे.
तुझी काकी