एडन ते मुंबई, साडेसोळाशे सागरी मैल

८ जानेवारी, बुधवार

बाबा आज पुन्हा जहाजावर! बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी अंथरुणातूनच विचारलं, "एडन सुटलं का?" मी "हो" म्हणून टाकलं. "मुंबई किती?" तीन हजार किलोमीटर म्हटलं तर खवळले. "रस्त्यावर आहोत का आपण? सागरी मैल सांग." साडेसोळाशे. वेग पंधरा नॉट, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैल. भागाकार केला – एकशे दहा तास. चार दिवस, चौदा तास. ऐकून शांत झाले. पोटभर जेवले.

"तुझी आई येईल न्यायला," म्हणाले.

आई नोव्हेंबरात गेली. त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा लहान मुलासारखे रडले आणि संध्याकाळपर्यंत विसरले. तिसऱ्यांदा माझ्याने सांगवणार नाही.

९ जानेवारी

बाराशे नव्वद मैल उरले. आई गेल्याचं विसरतात, अंतर नाही! मी वेग दहावर आणला. "काल चार दिवस होते, आज पाच कसे?" इंजिन, म्हटलं. "वाटलंच मला."

तीस वर्षं पेपरात वेळेवर छपाईला पान सोडलं. आता जहाज लांबवते आहे.

१२ जानेवारी

धुकं! गच्चीवरून समोरची इमारतही दिसेना. गोदावरीकडून कुठल्याशा देवळाची घंटा. बाबा शाल पांघरून कठड्याशी. "वेग उतरवा. सहा नॉट." स्वतःच म्हणाले! पाचशे सत्तर मैल, पंच्याण्णव तास.

त्यांना सांभाळणारा झुंबर खूश. "ताई, मला पुढं बघाया उभं केलंय. दिसत काय नाय, पण लय भारी वाटतंय."

मीही उभी राहिले. घरासमोरचा कॉलेज रोड कुठेच नव्हता. घर हलकेच तरंगत होतं. वाटलं, असंच चालत राहावं. पलीकडे आई असेलही.

१३ जानेवारी

पुण्याहून धाकट्या भावाचा, गौरांगचा फोन. "ताई, किती दिवस बोट चालवणार? बाबांना सांगून टाक." तू ये आणि सांग, म्हटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. लख्ख ऊन, आभाळभर पतंग. आज मला काही विचारलंच नाही. स्वतःच हिशेब केला – "दोनशे ब्याऐंशी मैल. आता बारा नॉट. साडेतेवीस तास. उद्या सकाळी घरी!" मग झुंबरला, "दाढी नीट कर रे. बायको ओळखायची नाही नाहीतर."

आता वेग माझ्या हातात नाही.

१५ जानेवारी

इस्त्रीचा शर्ट घालून बाबा फाटकापाशी उभे राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू एकटीच आलीस?"

"हो, बाबा."

"म्हणजे ती गेली."

बाबा रडले नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाले, "चल, तुला घरी नेतो."