गाजराचा वाफा आणि शेजारचा बोका

प्रिय ठमे,

रोज फोनवर तासभर बोलणाऱ्या आईचं पत्र आलेलं पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे बाबा ठीक आहेत. मी नाही. काल दुपारी मी मागच्या अंगणातल्या अवजारांच्या खोलीत, हातात पाण्याचा पाइप धरून, एका बोक्यासाठी दबा धरून बसले होते. तिथे जे ऐकलं त्यानं माझी वाचा बसली. माझी! ऐन सभेत वीज गेली तेव्हा माइकशिवाय जिनं भरलं मैदान तोलून धरलं, त्या बाईची. क्रमानं सांगते, नाहीतर तुला वाटेल आईला चळ लागला.

आपलं घर घ्यायला आलेल्या त्या तरुण जोडप्याबद्दल मी तुला सांगितलं होतं. त्यांना स्वयंपाकघर लहान वाटलं, जिना अरुंद वाटला, पण मागची बाग पाहून ती मुलगी वाफ्याशी उकिडवी बसली आणि म्हणाली, मावशी, हे सगळं असंच ठेवून द्याल ना आम्हाला? मी शब्द दिला. पुढच्या आठवड्यात करारावर सह्या, मग आमचं सामान तुझ्याकडे. तू खालच्या खोलीत बाबांसाठी भिंतीला कठडेही बसवून घेतलेस. सगळं ठरलं. तोवर बाग टवटवीत ठेवायची जबाबदारी माझी. म्हणून गाजराचा नवा वाफा केला. माती चाळणीनं चाळून कापसासारखी भुसभुशीत केली, आणि तिथेच घात झाला, कारण अशी माती बोक्यांना फार आवडते. रोपांची पहिली हिरवी रेघ दिसली त्याच दिवशी वाफ्याच्या मधोमध खड्डा, कडेला उपटलेली रोपं, आणि खड्ड्यात काय होतं ते लिहीत नाही, तू जेवत असशील.

बोका शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. अंगानं काळा, छातीवर गोल पांढरा ठिपका, म्हणून नाव बटण. तू मला ओळखतेस, मी कुठलीही लढाई वाचल्याशिवाय लढत नाही. वाचनालयातून बागकामाची पुस्तकं आणली. एकात लिहिलं होतं की मांजरांना संत्र्याच्या सालांचा वास सहन होत नाही. बटण सालांवर अंग टाकून झोपला. कॉफीचा चोथा पसरला, त्यात त्यानं पंजे उमटवले. गुलाबाची छाटणी करून काटेरी फांद्या आडव्या टाकल्या, त्या ओलांडताना तो असा पाय उचलायचा की जणू सत्काराला निघालाय. शेवटी काठ्या रोवून चारी बाजूंनी बारीक जाळी ताणली आणि एका कोपऱ्यात सुतळीनं बांधलेलं दार ठेवलं. उभ्या आयुष्यात मी कुंपणांविरुद्ध बोलत आले. माणसाला माणसापासून तोडणाऱ्या प्रत्येक भिंतीला व्यासपीठावरून लाथ घातली. आणि आता गाजरासाठी जाळी बांधताना मनात येत होतं की जो जमीन उकरतो त्याचीच ती जमीन असं मीच तर सांगितलं, मग बोक्याची बाजू काही अगदीच लंगडी नाही. पण तत्त्व वेगळं आणि गाजर वेगळं.

बाबा हे सगळं मागच्या पायरीवर बसून पाहायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बसणं तिथेच. उजवा हात पुष्कळ सुधारला, चालणं काठीवर आलं, जीभ मात्र जड राहिली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, शब्द त्यांच्या तोंडात घालू नका, वेळ लागू दे. आता मी कुठे घालत होते? मी मदत करत होते. ते ‘मला जरा’ एवढं म्हणेपर्यंत मी पाणी, शाल आणि चष्मा तिन्ही आणून ठेवायची. त्यांनी वाक्य सुरू करावं आणि मी ते पुरं करावं, म्हणजे त्यांचे कष्ट वाचतील. हळूहळू ते मानेनंच हो-नाही करू लागले, मग हातानं, मग तेही नाही. मी उपचारवाल्या बाईंना सांगितलं, आता येऊ नका, त्यांची वाचा गेली ती गेली. तुलाही तेच सांगितलं. फोनवर तू बाबांची चौकशी केलीस की मीच सांगायची, बाबा म्हणतात थंडी वाढलीय, बाबा म्हणतात तब्येत जप. तुला तर माहीतच आहे, आमची ओळखच मुळी माइकवरून झाली. मी सभा गाजवायची आणि माइक-कर्ण्यांच्या तारा जोडणारा हा माणूस मैदानाच्या टोकाला कर्ण्याखाली उभा राहून माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतोय ना ते पाहायचा. जन्मभर त्यांनी माझ्या आवाजाची सोय केली. म्हटलं, आता मी त्यांचा आवाज होते. किती सुंदर वाक्य आहे बघ. एका सत्काराला मी ते बोललेसुद्धा. टाळ्या पडल्या.

तर जाळी. सकाळी मी गाठ मारायची. संध्याकाळी दार बांधलेलं, जाळी शाबूत, आणि आत ताजा खड्डा! पहिल्यांदा वाटलं बोका उडी मारतो. मग पाहिलं तर सुतळीची गाठ माझी नव्हती. माझी गाठ आडदांड असते. ही नीटस होती, टोक आत खोचलेली. एवढ्या सफाईनं गाठ मारणारं या गल्लीत दुसरं कोण? मी तडक शिवणवाल्या बाईंच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले आणि बोलले. मी बोलते म्हणजे कशी बोलते ते तू लहानपणापासून सोसलंयस. दुसऱ्याच्या हद्दीत चोरून शिरणं, शेजाऱ्याच्या कष्टांवर आपल्या मांजराची चैन, विश्वासघात, काही ठेवलं नाही. येणारेजाणारे दोघे थबकून ऐकत होते, त्यामुळे मला आणखी चढलं. बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी एकेक टाचणी काढून गादीत खोचली आणि म्हणाल्या, झालं का ताई? आता मी बोलू? अहो, माझ्या बटणला गाठी सोडता-बांधता येत असत्या तर मी त्याला काजं करायला नसता का बसवला? रस्त्यावरचे दोघे फिदीफिदी हसले. ते पुढे गेल्यावर बाईंनी आवाज उतरवला. म्हणाल्या, दुपारी तुम्ही वाचनालयात जाता ना, उद्या जाऊ नका. मागे नुसत्या उभ्या राहा. गप्प. जमलं तर बघा.

ते ‘जमलं तर’ माझ्या जिव्हारी लागलं. काल जेवणं झाल्यावर मी पिशवी घेऊन पुढच्या दारानं निघाले, वळसा घालून मागच्या फाटकातून आत आले आणि अवजारांच्या खोलीत शिरले. फळीच्या फटीतून वाफा दिसतो. पाइपाचा नळ आधीच सोडून ठेवला होता, तोंड अंगठ्यानं दाबलं होतं. चोर कुणीही असो, भिजवायचाच. थोड्या वेळानं काठीची टकटक आली. बाबा. पायरी उतरून, भिंत धरत, एकटे. मी त्यांना एकट्यानं कधी उतरू दिलं नाही, मला वाटायचं पडतील. ते वाफ्यापाशी आले, पालथ्या बादलीवर बसले आणि दोन्ही हातांनी सुतळी सोडू लागले. तोच उजवा हात, ज्यानं मी त्यांना चमचासुद्धा धरू देत नाही. आयुष्यभर तारा जोडलेली बोटं, त्यांना सुतळीचं काय! दार उघडलं तसा बटण भिंतीवरून उतरला आणि त्यांच्यासमोर येऊन बसला.

आणि ठमे, बाबा बोलले.

मी खोटं लिहीत नाही. स्वच्छ बोलले. सावकाश बोलले, एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायला एवढा वेळ की मधे माझा जीव जायची पाळी आली, पण बोलले. आधी त्याला रागावले. तिथे नको, म्हणाले, गाजर आहे तिथे, इकडे उकर, कोपऱ्यात. त्यातला ‘कोपऱ्यात’ त्यांना सापडत नव्हता, आणि देवाशपथ सांगते, तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी पदराचा बोळा तोंडात धरला. बोका मात्र पंजा चाटत बसून राहिला. त्याला कुठे जायचं नव्हतं. शब्द आला. मग थोडं थांबून बाबा म्हणाले, आम्ही जाणार, ती म्हणते. पुन्हा पंजा चाटणं. मग म्हणाले, मला नाही जायचं. आणि मग म्हणाले, विचारलं नाही कुणी.

पाइप हातातून सुटला होता, पायावर पाणी वाहत होतं, मला कळलंच नाही. वाटलं, आता उठावं, बाहेर जावं, सांगावं. काय सांगणार होते? तेवढ्यात बटण त्यांच्या पायाला अंग घासू लागला आणि ते माझ्याबद्दल बोलले. ती वाईट नाही, म्हणाले. भाषण चालू असतं तिचं. मधे बोलायचं नसतं.

मी हजारोंच्या सभांतून दगड झेललेत. एकदा कपाळ फुटलं तरी वाक्य पुरं केलं होतं. पण त्या फळीमागून बाहेर पाऊल टाकायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हताच. साधी कामाची गोष्ट सांगावी तशी ते एका बोक्याला सांगत होते. मग उठले, बोक्याला हुसकलं, दार लावलं, सुतळीची टोकं नीट आत खोचली आणि काठी टेकत घरात गेले.

चहाच्या वेळी मी ठरवून त्यांच्यासमोर बसले. विचारलं, हे घर सोडायचं तुमच्या मनात आहे का? आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीनं प्रश्न विचारला. ओठ हलले. मी थांबले. घशातून काहीतरी निघालं. मी थांबले, टेबलाची कड घट्ट धरून थांबले. आणि मग, ठमे, मीच बोलले. म्हटलं, नसेल जायचं तर नाही जाऊ, ठमीला मी समजावते, जोडप्याला मी कळवते, तुम्ही काळजी करू नका. सगळं मीच. त्यांनी ओठ मिटले, कप उचलला. वाक्य कदाचित तेच असेल जे मी बोलले. कदाचित वेगळंच असेल. आता ते मला कधी कळणार?

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर बाबा शेजारी बसून ऐकत राहिले असते आणि त्यांच्यावतीनं मी आणखी एक भाषण ठोकलं असतं. तू मला पुन्हापुन्हा विचारलंस, आई, बाबांना चालेल ना? मी म्हटलं, ते स्वतः चालेल म्हणाले. ते म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, त्यांच्या नावानं, आणि मला ते खोटंही वाटलं नाही, इतकी सवय झालीय. त्या जोडप्याला मी आज सकाळी निरोप दिलाय की सह्या तूर्त थांबवा. रागावले. रागावू देत. आता तू एक कर. पत्र मिळेल त्या दुपारी फोन लाव. मी रोज दुपारी वाचनालयात असेन, खरोखरच असेन, आणि फोन त्यांच्या बादलीपाशी ठेवून जाईन. आधी तुझं काही सांगू नकोस. घर सोडायचं का, एवढंच विचार, आणि त्यानंतर काही बोलू नकोस. ते जे म्हणतील तेच होईल. तुझ्याकडे येऊ म्हणाले तर मी आनंदानं सामान बांधेन, नाही म्हणाले तर इथेच राहू आणि गाजरं बोक्याला देऊ. पलीकडून काहीच ऐकू येईनासं झालं तर फोन बंद पडला असं समजून ठेवून देऊ नकोस. बाबा बोलत असतील.

तुझीच, गप्प बसायच्या शाळेत नव्यानं नाव घातलेली,
आई