सरावाचे आजोबा

३ जून, पहाट
टेबलावर डस्टर आपटल्याच्या आवाजाने जाग आली. आवाज स्वप्नातला, साठ वर्षांपूर्वीचा. गुरुजींनी डस्टर आपटला की अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागायचा आणि खडूची धूळ उन्हात नाचायची. शुभशकुनच म्हणायचा. आजपासून विद्यापीठाच्या बालआरोग्य संस्थेत माझं काम सुरू.

काम असं. शिकाऊ डॉक्टरांना घरच्या माणसांशी बोलायचा सराव लागतो, म्हणून तिथे खोटे नातेवाईक बसवतात. मी आजोबा. नातू चार वर्षांचा, ताप आणि खोकला. नातू खोलीत नसतो, तो आईपाशी बाहेर आहे असं समजायचं. गुपित हे, की आजोबांनी स्वतःचंच खोकल्याचं औषध त्याला पाजलंय. विद्यार्थ्याने न रागावता, नीट विचारलं तरच सांगायचं.

ही म्हणाली, तुमच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिली आहे का?
संकल्प: विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

५ जून
पहिलाच विद्यार्थी घामाघूम. औषधाचा प्रश्न काही त्याला सुचेना. दया आली. खोकलो, आणि घरून नेलेली बाटली खिशातून जराशी वर काढली. तोंड उघडलं नाही, म्हणजे संकल्प शाबूत.
प्रोफेसरबाई काचेपलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, आजोबा, बाटली आपल्या स्क्रिप्टमध्ये नाहीये हो. बाई हुशार आहेत, पण नाटकातलं कळत नाही.

९ जून
आज रंगलो. विद्यार्थिनीने विचारलं, ताप कधीपासून? मी डोळे मिटून म्हणालो,
दिवे लागले घरोघरी,
ताप चढला बाळावरी.
जागच्या जागी सुचलेलं! तिने ‘काल संध्याकाळपासून’ एवढं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पिढीच कोरडी.
बाई म्हणाल्या, घरात कुणी असं बोलतं का? मी म्हटलं, आमच्या घरी बोलतात. संध्याकाळी हिला विचारलं. ही म्हणाली, बोलतात, पण ऐकतं कोण?
संकल्प: कविता फक्त घरी.

१२ जून
वाईट बातमी. १७ तारखेच्या खऱ्या परीक्षेला एकच आजोबा घेणार, आणि दुसरा उमेदवार आहे निवृत्त वायरमन. हा माणूस विचारलं तेवढंच बोलतो. हो. नाही. आठवत नाही. याला अभिनय म्हणायचं?
बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, राग मानू नका, पण तुमच्यावर विश्वासच बसत नाही.
जेवण गेलं नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझी वाट पाहणारी खुर्ची जगात ती एकच. पाठीमागे कागद चिकटवलेला: आजोबा. तिथे वायरमन बसणार? छे!
ही म्हणाली, बसेनात का, तुम्हाला घरात आहे की खुर्ची. तिला काय कळणार.

१६ जून, दुपार
आज निवड. लवकर गेलो. नवी पद्धत: खोलीत शिरण्याआधीच आजोबा होऊन जायचं. म्हणून बाहेर, खऱ्या पेशंटांच्या बाकावर बसलो. शेजारच्या बाईने आपणहून विचारलं, काका, कुणाला आणलंय?
काय सांगू, असं कधी जमलं नव्हतं! एकही यमक नाही. म्हटलं, नातू आहे, चार वर्षांचा, ताप होता, माझंच औषध पाजलं, अंदाजाने, दोन घोट. तिने हळूच विचारलं, आता कुठे आहे? म्हटलं, घरी निजलाय, हलवलं तरी उठत नाही. (हे माझ्या पदरचं.) घर कुठे विचारलं, तेही सांगितलं, अगदी जिन्यासकट. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. उठली ती आत पळालीच. डोळे पुसायला गेली असणार. मी तरंगत सरावाच्या खोलीकडे निघालो.
दारातच प्रोफेसरबाई भेटल्या. म्हणाल्या, वायरमनला घेतलं. तुम्ही फार छान आहात, पण.
पुढचं ऐकलं नाही. थेट घरी आलो.

१६ जून, जरा वेळाने
ठरलं. पुन्हा त्या संस्थेचं नाव काढायचं नाही. विश्वास बसत नाही म्हणे!
बेल वाजली. ही दार उघडते आहे. अरे, आवाज ओळखीचा. बाकावरची बाई! गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, मागे स्ट्रेचर घेतलेले दोघे. धापा टाकत विचारते आहे, बाळ कुठल्या खोलीत आहे?
ही म्हणते आहे, कुठलं बाळ?
आता ही मला हाक मारते आहे. अहो, जरा बाहेर येता का. फार गोड आवाजात.